पालथोबाची बरणी

भिंगवाल्या सरांचा शर्ट नवा असो की जुना, त्याचा खिसा एका बाजूला ओघळलेलाच असायचा. त्यात भिंग असायचं, जाड काचेचं आणि पितळी कडीचं. सर पेन विसरायचे, चष्मा विसरायचे, एकदा तर बायकोला बसथांब्यावर विसरून एकटेच घरी आले होते. भिंग विसरले असं मात्र कधी झालं नाही. मुलांनी नाव ठेवलं ते त्यावरूनच. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

सर प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. शिकवण्यात कुणी बोट ठेवावं अशी जागा नव्हती. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला की मेणबत्ती विझायची, सर विचारायचे, "का विझली?" आणि अख्खा वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा. थोरल्या भावंडांनी ते घरीच पढवून ठेवलेलं असायचं. एका वर्षी तर सर ग्लास उचलायच्या आतच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हवा संपली म्हणून!"

सर हसले. पण ते हसू घरी जाईपर्यंत टिकलं नाही. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर हजर, म्हणजे तो प्रश्न मुळात कुणाला पडलाच नव्हता.

मग शेजारच्या वर्गावर गोष्टवाल्या बाई आल्या. वयानं सरांच्या मुलीएवढ्या, आवाज मात्र असा की भिंतीलाही कान फुटावेत. दोन वर्गांमधली भिंत लाकडी फळ्यांचीच होती. एका दुपारी सर फळ्यावर गोगलगायीची आकृती काढत होते, आणि मागे वळून पाहतात तो काय, सगळी तिसरी भिंतीला टेकलेली! पलीकडे बाई गोष्ट वाचत होत्या. भिजलेली मुंगी गोगलगायीच्या दारात उभी होती आणि गोगलगाय तिला म्हणत होती, "ये आत, मी आज बाहेर झोपते."

"सर," एक मुलगी कुजबुजली, "गोगलगाय घराबाहेर येऊ शकते?"

"नाही. तिचं शरीर शंखाला आतून जोडलेलं असतं."

"मग ती मुंगीला आत घेणार कशी? जागा कुठे आहे?"

सर खडू हातात धरून तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या वर्गात धड्याच्या शेवटी न छापलेला प्रश्न पहिल्यांदाच आला होता. मधल्या सुटीत त्यांनी बाईंच्या दारावर टकटक केली.

त्यातून जोडतास जन्माला आला. आठवड्यातून एकदा भाषा आणि विज्ञान यांचे तास जोडायचे आणि तिसरीला दोघांनी मिळून शिकवायचं. आधी बाई गोष्ट वाचायच्या. वाचून झाली की पुस्तक वर्गाच्या मधोमध स्टुलावर उभं करायचं. त्याला म्हणायचं साक्षीदार. मग दुसऱ्या साक्षीदाराला बोलवायचं, म्हणजे गोष्टीत जे असेल ते, गोगलगाय, कोळी, पिकलेलं पान. मुलांनी उभं राहून सांगायचं, "गोष्ट म्हणते, कोळी स्वतःच्या जाळ्यात अडकला. कोळी म्हणतो, मी चिकट नसलेल्या धाग्यांवरून चालतो." दोन्ही साक्षीदारांचं निमूट ऐकून घ्यायचं. 'खोटं' हा शब्द मात्र कुणीही वापरायचा नाही. वापरला तर शिक्षा म्हणून फळा पुसायचा. आता फळा पुसायला कुणाला आवडत नाही? त्यामुळे सुरुवातीला तो शब्द दर दोन मिनिटांनी ऐकू यायचा, आणि फळा आरशासारखा लखलखीत असायचा.

सरांना सगळ्यात कौतुक वाटायचं ते बाईंच्या थांबण्याचं. मुलानं काही वेडंवाकडं विचारलं की सरांच्या जिभेवर उत्तर धावून यायचं. बाई मात्र मान तिरकी करून म्हणायच्या, "अगं बाई, हे तर मला सुचलंच नव्हतं." आणि गप्प बसायच्या. ती शांतता इतकी लांबायची की सरांना खोकला यायचा. मग कुठल्यातरी बाकावरून उत्तराचं शेपूट दिसायला लागायचं.

वर्ष संपलं की सर निवृत्त होणार होते. निरोपाचं भाषण नको, भेटीचं घड्याळ नको. आपल्या मागे हा तास शाळेत राहावा एवढीच त्यांची इच्छा होती.

पण पालकांच्या कानावर गेलं होतं. विज्ञानाच्या तासाला गोष्टी ऐकतात आणि भाषेच्या तासाला हात मातीत घालून बसतात, अशा तक्रारी मुख्याध्यापिकेपर्यंत पोहोचल्या. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची. कडक होत्या, पण कान बंद ठेवणाऱ्या नव्हत्या.

"सर, मी काही तुम्हाला आजपासून ओळखत नाही," त्या म्हणाल्या. "पण धड ना हे, धड ना ते असा तास मी वेळापत्रकात ठेवू कसा? शनिवारी स्वतः येऊन बसते. मुलं विज्ञान शिकताहेत असं दिसलं तर तास राहील. नाहीतर भाषा भिंतीच्या पलीकडे आणि विज्ञान अलीकडे."

त्या शनिवारच्या तासाची पालथोबाची गोष्ट बाईंनी दोन आठवड्यांपूर्वीच वर्गात वाचली होती.

पालथोबा हे घेवड्याचं बी. पेरताना ते डोक्यावर पडलं आणि उठून नीट बसायचा त्याला कंटाळा आला. 'वर म्हणजे माझ्या डोक्याकडे,' असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. सगळी भावंडं उजेडाकडे निघाली आणि स्वारी निघाली तडक खाली. वाटेत गांडूळ म्हणालं, "अहो, चुकलात!" पालथोबा म्हणाला, "ज्याला स्वतःचं डोकं कुठलं नि शेपूट कुठली ते सांगता येत नाही, त्यानं मला रस्ता दाखवू नये." मुंग्यांच्या कोठारात पाहुणचार झोडला, एका दगडाशी कडाकडा भांडला, आणि शेवटी डोंगराच्या पोटातून आरपार जाऊन पलीकडच्या उतारावर बाहेर आला. तिथे त्याला जे फूल आलं, तसं फूल भावंडांपैकी कुणालाच आलं नाही.

वर्गानं पालथोबाला डोक्यावर घेतलं. सगळ्यात जास्त वकीलबाईनं.

वकीलबाई म्हणजे भिंतीला कान लावून पहिला प्रश्न विचारणारी तीच. दोन वेण्या, एक पडलेला दात आणि तोंडाला सुटी नाही. कुणाची पेन्सिल हरवली, कुणाला विनाकारण ओरडा बसला, की ही उठून बाजू मांडणार. गोष्टीतल्या मंडळींचं वकीलपत्र तर तिच्याकडे कायमचंच होतं. तिची आई दवाखान्यात नर्स होती. सकाळी ड्यूटीला जाताना शाळा उघडायच्या वेळीच सोडायची आणि संध्याकाळी सगळ्यात शेवटी न्यायला यायची. तोवर वकीलबाई शिपाईमामांच्या मागे मागे फिरायची. मामा खोल्या उघडायचे, झाडायचे, खिडक्या लावायचे आणि तिच्या उलटतपासणीला उत्तरं द्यायचे.

"सर," गोष्ट संपताच ती उठली, "पालथोबाला बरणीत ठेवून बघायचं का?"

सरांनी काचेच्या बरण्या आणल्या. आतून टिपकागदाचं अस्तर लावलं, मधे ओला कापूस ठासला, आणि काच व कागद यांच्यामध्ये घेवड्याचं बी असं खोचलं की बाहेरून दिसावं. प्रत्येक बरणीत तीन बिया, एक सरळ, एक आडवी, एक पालथी. वर सैलसं झाकण. प्रत्येक गटाची एक बरणी, सगळ्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं.

आधी मुळं निघाली, मग कोंब. मुलं शाळेत आली की दप्तर टाकून आधी खिडकीकडे. सरांचं भिंग या हातातून त्या हातात फिरत होतं. आणि दिवसागणिक चित्र स्पष्ट होत गेलं. बी कसंही असो, मूळ वळसा घालून खाली चाललं होतं आणि कोंब वळसा घालून वर.

"गोष्ट म्हणते, पालथोबा खाली गेला," एक मुलगा म्हणाला. "बी म्हणतं, मी नाही जाणार!"

सगळे हसले. वकीलबाई हसली नाही. बाजूही मांडली नाही. सरांच्या ते लक्षात आलं. दात दुखत असेल, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी शाळा सुटण्याआधी सरांनी बरण्या एकेक करून नजरेखाली घातल्या आणि शेवटच्या बरणीशी थबकले. ती वकीलबाईच्या गटाची. कोंब मधूनमधून जरा वाकलेले त्यांनी आधी पाहिले होते, पण आता ते दुर्लक्ष करण्यासारखं राहिलं नव्हतं. तिन्ही कोंब नागमोडी. वर, मग खाली, पुन्हा वर. मुळांचीही तीच तऱ्हा. जणू तिघांना रस्ता सांगणारा दर वेळी वेगळा भेटला होता.

"बाई," सर हळूच म्हणाले, "ही एक बरणी उद्यापुरती कपाटामागे ठेवू या का? मोठ्या बाई विचारतील आणि आपल्याकडे उत्तर नाही."

गोष्टवाल्या बाईंनी बरणी उचलून उजेडात धरली. मग मान तिरकी केली.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, सर? आणि मुलांना तुम्हीच सांगता, साक्षीदार बोलायला लागला की त्याचं तोंड दाबायचं नाही."

सरांनी बरणी बाईंच्या हातून घेतली आणि कट्ट्यावर तिच्या जागी ठेवली. पण रात्री जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. बायको म्हणाली, "मला बसथांब्यावर विसरलात त्या दिवशी असंच तोंड होतं तुमचं."

शनिवारी मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. बाक लहान, त्या उंच. गुडघे कुठे ठेवावेत हे त्यांना ठरवता येईना, पण चेहऱ्यावर कडकपणा नेहमीचाच.

सुरुवात झकास झाली. गट उठले, बरण्या दाखवल्या, दोन्ही साक्षीदारांची साक्ष झाली. मोठ्या बाईंनी दोनदा मान हलवली. सरांच्या जिवात जीव येतो न येतो तोच त्यांनी बोट उचललं.

"आणि ती शेवटची?"

वर्गात चुळबुळ झाली. सर उठणार होते. बाईंनी नजरेनंच त्यांना बसवलं.

"तिचं काय झालं असेल?" बाईंनी वर्गाला विचारलं. आणि गप्प बसल्या.

"उजेडाकडे वळलं असेल. खिडकीजवळ आहे ना!"

"आमची पण खिडकीजवळच आहे. आमचं बघ कसं ताठ उभंय."

"बीच किडकं असेल."

"तिन्ही किडकी? आणि तिन्ही एकाच जागी वाकडी?" चष्मेवाला मुलगा भिंग घेऊन बरणीला नाक लावून बसला होता. "सर, तिघं एकदमच वळलीत. इथे. मग इथे. मग इथे. म्हणजे बी नाही वळलं. बरणी वळली!"

इतका सरळ विचार सरांनी स्वतः काल संध्याकाळी केला नव्हता.

"घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, म्हणतात ना," बाई म्हणाल्या. "पण घर फिरवलं कुणी?"

"मामांनी!" चार-पाच आवाज एकदम आले. "सकाळी नि संध्याकाळी खोलीत तेच असतात. झाडताना उलटी ठेवली असणार."

शिपाईमामा दाराबाहेरच घंटेपाशी उभे होते. ते आत डोकावले. "मी? अरे पोरांनो, सरांच्या धाकानं मी त्या कट्ट्यावरची धूळसुद्धा सरळ रेषेत ठेवतो!"

वर्ग खदखदून हसला. मोठ्या बाई हसल्या नाहीत. "मामा, मुलांच्या प्रयोगाला हात लावायचा नाही, हे मी वर्षाच्या सुरुवातीला सांगितलं होतं."

मामांचा चेहरा उतरला. ते काही बोलणार, तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज झाला.

"मामांनी नाही केलं." वकीलबाई उभी होती. दोन्ही वेण्या मुठीत घट्ट धरलेल्या. "मी केलं."

गेला आपला तास, सरांच्या मनात आलं. मुलीनं प्रयोग बिघडवला, आणि तोही नेमका मोठ्या बाईंसमोर उघड झाला.

"कसं केलंस?" बाईंनी विचारलं. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. गोष्टीतलं पुढचं पान उलटावं तसा प्रश्न.

"आई न्यायला आली की जाताना उलटी ठेवायचे. सकाळी सगळे यायच्या आत सरळ करायचे."

"का गं?"

"पालथोबा हरत होता ना!" ती हळूच म्हणाली. "सगळ्यांचे कोंब वर चालले होते. मग सगळे म्हणाले असते, पालथोबा काहीतरीच. आणि तुम्ही ते पुस्तक परत कधीच वाचलं नसतं. मला वाटलं, एक तरी कोंब खाली जाऊ दे. एकच."

"मग? गेला?"

"नाही ना!" ती एकदम चिडली, आणि चिडल्याबरोबर तिचा नेहमीचा आवाज परत आला. "महा हट्टी आहेत तिघं. रात्रभर उलटं ठेवावं, तर सकाळी मान वळवून वर निघालेले. दिवसभर सरळ ठेवावं, तर संध्याकाळी पुन्हा फिरलेले. मी थकले, ते नाही थकले."

सर पुढे आले. श्वास जपून घ्यावा तसा त्यांनी प्रश्न विचारला. "रात्री खिडकी उघडी असते?"

"छे, मामा लावतात."

"लावतो तर," मामा दारातून म्हणाले. "झडपांसकट. आत काळोख गुडुप."

सर वर्गाकडे वळले. जिभेवर सगळं उत्तर तयार होतं. त्यांनी दातांखाली जीभ धरली आणि थांबले. बाईंसारखे. खोकलेसुद्धा नाहीत.

"काळोखात..." चष्मेवाला हळूहळू म्हणाला, "काळोखात उजेडाकडे वळता येणारच नाही. उजेडच नाही तर."

"तरी वळलं," त्याची शेजारीण म्हणाली.

"म्हणजे त्याला न बघताच कळतं, वर कुठे ते!"

"आणि मुळाला खाली कुठे ते!"

मग काय विचारता. सगळा वर्ग कट्ट्याशी गोळा झाला. भिंगासाठी ओढाताण सुरू झाली. वकीलबाईला पुढे ढकललं गेलं, कारण त्या बरणीची भाषा तिलाच येत होती. ती बोटानं वळणं दाखवत गेली. "हे शाळा सुटल्यावरचं वळण. हे शाळा भरतानाचं. हे इथलं जरा मोठं आहे ना, ते रविवारचं. रविवारी उलटीच राहिली होती."

सर बघत होते. जन्मभर त्यांनी 'मूळ खाली, कोंब वर' असं शिकवलं होतं, पण बी रोज फिरवून त्याची जिद्द पाहावी असा प्रयोग त्यांना सुचला नव्हता. सुचला या दुधाचे दात पडणाऱ्या पोरीला, आणि तोही पालथोबावरच्या मायेपोटी. त्यांना वाटलं, या मुलांपुढे आपण फक्त भिंग धरावं, बाकी त्यांना सगळं दिसतं.

मागून मोठ्या बाईंचा आवाज आला.

"सगळं ठीक आहे. पण शेवटी गोष्ट खोटीच ठरली की नाही?"

वकीलबाई गर्रकन वळली. आता ती पुरती वकील होती.

"मोठ्या बाई, पालथोबा नसता तर मी बरणी कशाला फिरवली असती?"

तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं.

"खोटी म्हणाल्या! फळा!"

"फळा! फळा!" सगळा वर्ग ओरडायला लागला.

"काय चाललंय हे?" मोठ्या बाईंनी विचारलं. गोष्टवाल्या बाईंचे कान लाल झाले. त्यांनी चाचरत नियम सांगितला. सरांनी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा मोठ्या बाई लहान बाकातून गुडघे सोडवून उठल्या होत्या. त्या फळ्यापाशी गेल्या. डस्टर उचललं आणि वरच्या कोपऱ्यापासून सावकाश पुसायला लागल्या. त्या उंच होत्या, त्यामुळे मुलांचा हात कधीच पोहोचत नसे तिथली जुनी खडूची धूळही निघाली. वर्ग मन लावून बघत होता. एवढा छान फळा आजवर कुणीच पुसला नव्हता.

पुसता पुसताच, पाठमोऱ्या राहून, त्या म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षी हा तास मधल्या सुटीच्या आधी ठेवायचा. म्हणजे असं काही चालू असताना घंटा झाली तरी मधेच थांबावं लागणार नाही." मग हात झटकून दाराकडे वळल्या. "मामा, मी उगीच बोलले तुम्हाला. या, आत येऊन बघा. तुमच्या बंद खिडकीनं मोठं काम केलंय."

मामा चपला काढून आत आले आणि वकीलबाईनं त्यांच्या हातात भिंग दिलं.

त्या दिवशी पालथोबाची गोष्ट पुन्हा वाचली गेली, मोठ्या बाईंच्या आग्रहावरून. शेवटी तो उतारावर फुलला तेव्हा एका मुलानं शंका काढली, की तो खाली गेलाच नसेल, डोंगरच कुणीतरी फिरवत असेल. त्यावरून जे भांडण पेटलं ते शाळा सुटेपर्यंत मिटलं नाही.

सगळे गेल्यावर सर भिंग शोधायला परत आले. ते कट्ट्यावर होतं, आणि कट्ट्यापाशी वकीलबाई होती. आई यायची होती. दोन्ही हात तिनं पाठीमागे बांधून ठेवले होते, आपणहून.

"आज फिरवू का नको, कळत नाहीये," ती म्हणाली. "सर, बरणी उलटी नाही, सरळ नाही, आडवी ठेवली तर? आणि रोज थोडी थोडी लोळवली तर? मग तो वर कुठे धरेल?"

सरांना उत्तर ठाऊक होतं. अर्धंमुर्धं तरी. त्यांनी भिंग खिशात घातलं, खिसा पुन्हा एका बाजूला ओघळला.

"अगं बाई," ते मान तिरकी करून म्हणाले, "हे तर मला सुचलंच नव्हतं."

आणि दोघांनी मिळून बरणी आडवी केली, गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना खडूचे तुकडे लावले, आणि सर खिडकी लावायला निघालेल्या मामांना म्हणाले, "जरा जपून हं. आत लोक काम करताहेत."